परघरीं आलेल्या राण्या

इतिहास हा राजांचा असतो, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि शाळेंत तो ज्या रीतीनें शिकविला जातो ती पाहतां हें म्हणणें अगदींच खोटें नव्हे. इंग्लंडचा इतिहास ज्यांनीं एके काळीं घोकला, त्यांस विल्यम, हेन्री, रिचर्ड, जॉन, एडवर्ड ही माळ अद्यापि तोंडपाठ येत असेल. अमका केव्हां गादीवर बसला, कोणती लढाई जिंकला, कोणती हरला व कशानें मेला, एवढें सांगितलें म्हणजे परीक्षकाचें समाधान होत असे. त्या राजांच्या घरीं स्त्रिया होत्या, नवरा परदेशीं गेला असतां त्यांनीं राज्य सांभाळलें, आणि बापलेकांच्या भांडणांत त्यांनाच दोहों बाजूंनीं मार बसला, ही हकीकत तळटीपेंतसुद्धां क्वचितच आढळे.

गेल्या पावसाळ्यांत प्रकृति नरम असल्यामुळें आमचें घराबाहेर पडणें बंद होतें. त्या सक्तीच्या विश्रांतींत आम्हीं मध्ययुगीन इंग्लंडच्या राण्यांचीं चरित्रें ओळीनें वाचून काढलीं. वाचतां वाचतां एक गोष्ट ध्यानांत आली. १०६६ सालीं नॉर्मन विल्यमनें इंग्लंड जिंकलें, तेव्हांपासून १४६४ सालीं चौथ्या एडवर्डनें एका इंग्रज सरदाराच्या विधवेशीं गुपचूप लग्न लावीपर्यंत, म्हणजे जवळ जवळ चारशें वर्षें, इंग्लंडची राणी म्हणून जिच्या मस्तकावर मुकुट ठेवला गेला अशी एकही स्त्री इंग्लंडच्या मातींत जन्मलेली नव्हती. कोणी फ्लँडर्सची, कोणी स्कॉटलंडची, कोणी आक्विटेनची, कोणी कॅस्टीलची, कोणी बोहेमियाची. राजे त्या घरचे. राण्या सगळ्या परघरच्या. म्हणजे हा राण्यांचा इतिहास खरें पाहतां सुनांचा इतिहास आहे. आणि ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात त्या घरांत सुनांचा इतिहास परका वाटण्याचें कारण नाहीं.

सुनेचें पहिलें काम म्हणजे नांव टाकणें. आमच्याकडे लग्नांत ताम्हनांत तांदूळ पसरून त्यांवर अंगठीनें वधूचें नवें नांव लिहिण्याची चाल कित्येक घरीं अजून आहे. इंग्लंडांत तांदूळ नव्हते, पण चाल होती! १००२ सालीं नॉर्मंडीच्या ड्यूकाची बहीण एम्मा ही एथेलरेड राजाला दिली, तेव्हां सासरच्यांनीं तिचें नांव एल्फगिफू ठेविलें. हें राजाच्या आजीचें नांव. सुनेनें आजेसासूचें नांव चालवावें, ही त्यांतली कल्पना. पुढें एथेलरेड वारला, डेन लोकांनीं देश घेतला, आणि १०१७ सालीं एम्मानें विजेत्या कॅन्यूटशीं विवाह केला. दैवाची थट्टा अशी कीं, कॅन्यूटच्या घरीं आधींची जी स्त्री होती तिचेंहि नांव एल्फगिफूच होतें.

परंतु या एम्मानें जें एक काम केलें तें तिच्यापूर्वीं फार थोड्या स्त्रियांस साधलें असेल. म्हातारपणीं, १०४१-४२ च्या सुमारास, तिनें फ्लँडर्समधील एका संन्याशाकडून आपल्या घराण्याची बखर लिहवून घेतली. त्या ग्रंथांत कॅन्यूटची स्तुति आहे, त्याच्यापासून झालेल्या मुलाची आहे, स्वतः एम्माची तर आहेच. पण ज्या एथेलरेडबरोबर तिनें चौदा वर्षें संसार केला त्याचें नांव त्यांत शोधूनहि सांपडत नाहीं! सासरीं येतांना तिचें नांव पुसलें गेलें होतें; तिनें नवऱ्याचें नांव पुसून परतफेड केली असें एखादा विनोदी मनुष्य म्हणेल. आम्हांस त्यांत विनोदापेक्षां भय अधिक दिसतें. गादी एका घराकडून दुसऱ्या घराकडे जात असतां विधवेची जागा कोठें, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या पानापानांत दडलेला आहे. आणि भय खोटें नव्हतें. पहिल्या नवऱ्याचा मुलगा एडवर्ड गादीवर बसला, तेव्हां १०४३ सालीं तो आपल्या सरदारांसह विंचेस्टरला आला व त्यानें आईचा सारा खजिना काढून घेतला. आपल्या पडत्या काळांत आईनें आपल्याकडे पाहिलें नाहीं, ही त्याची तक्रार होती.

एम्मा १०५२ त वारली. विंचेस्टरच्या मंदिरांत राजघराण्याच्या अस्थि लांकडी पेट्यांत ठेवल्या होत्या. १६४२ सालीं यादवींतील शिपायांनीं त्या बाहेर ओढून अस्ताव्यस्त टाकल्या, व मागून जशा हातीं लागल्या तशा पुन्हां भरण्यांत आल्या. अलीकडे शास्त्रज्ञांनीं त्या पेट्या उघडून हाडें जुळविलीं. त्यांत एका प्रौढ स्त्रीचीं हाडें निरनिराळ्या पेट्यांत विखुरलेलीं आढळलीं, आणि तीं बहुधा एम्माचीं असावींत, असें त्यांनीं २०१९ सालीं जाहीर केलें. हजार वर्षांनीं एका बाईचीं हाडें पांच-सहा राजांच्या पेट्यांतून गोळा करावीं लागावींत, हें तिच्या आयुष्याचेंच चित्र नव्हे काय?

नांव टाकणारी दुसरी राणी स्कॉटलंडची राजकन्या ईडिथ. हिची आई जुन्या इंग्रज राजवंशांतली. १०९३ सालीं आईबाप एकाच आठवड्यांत गेले. लहानपणीं तिला मठांत आपल्या मावशीच्या हाताखालीं ठेविलें होतें. १९००-२० सालच्या आमच्या घरांतील एखाद्या मुलीची गोष्ट वाटावी अशी तिची पुढील हकीकत आहे. मावशी तिच्या डोक्यावर जोगिणीचें काळें वस्त्र बळेंच घाली, आणि मावशी दृष्टीआड झाली कीं, ही पोर तें ओढून काढून पायांखालीं तुडवी! ११०० सालीं पहिल्या हेन्रीनें तिला मागणी घातली, तेव्हां ‘ही तर संन्यासिनी, हिचें लग्न कसें होईल?’ असा आक्षेप निघाला. तिनें स्वतः आर्चबिशप अन्सेल्मसमोर जाऊन ही वस्त्राची हकीकत सांगितली. धर्मसभेनें चौकशी करून तिला मोकळें केलें, आणि लग्न झालें. पण ईडिथ हें नांव पडलें जित इंग्रजांचें. नॉर्मन सरदारांना तें कसें रुचणार? ती मटिल्डा झाली. तरीहि सरदार राजाराणीची टवाळी करीत व दोघांना पाठीमागें गॉड्रिक आणि गॉडगिफू अशा अस्सल गांवढळ इंग्रजी नांवांनीं संबोधीत.

या मटिल्डेनें उण्यापुऱ्या अठरा वर्षांत काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. राजा वारंवार नॉर्मंडींत असे; तेव्हां ही दरबार चालवी, सनदा देई. राजा व अन्सेल्म यांच्यांत धर्माधिकारी कोणीं नेमावे यावरून मोठा तंटा झाला, त्यांत तिनें दोहोंकडे रदबदली केली. तिनें अन्सेल्मला लिहिलेलीं पत्रें आजहि वाचावयास मिळतात. लंडनजवळ सेंट जाइल्स येथें महारोग्यांसाठीं तिनें आश्रम काढला. १११८ सालीं ती वारली. तिच्या पत्रांवर सही ‘मटिल्डा’ अशी आहे. ईडिथचें पुढें काय झालें, हें विचारणारें कोणी उरलें नव्हतें.

राणीचें म्हणून जें खास काम इंग्लंडांत मानलें जाई, तें रदबदलीचें. याचें प्रसिद्ध उदाहरण तिसऱ्या एडवर्डची राणी फिलिपा. १३४७ सालीं अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर कॅले शहर शरण आलें. राजाचा संताप असा कीं, शहरांतील सहा प्रतिष्ठित नागरिकांनीं गळ्यांत दोर बांधून, हातांत किल्ल्या घेऊन बाहेर यावें व मरणास तयार असावें, तरच बाकीच्यांस अभय. तीं सहा माणसें आलीं. सरदारांनीं विनवण्या केल्या, राजा ऐकेना. तेव्हां गरोदर असलेली राणी त्याच्या पायांशीं गुडघे टेकून बसली, आणि राजानें त्या सहांना तिच्या स्वाधीन केलें. ही कथा बखरकार फ्रॉइसारनें अजरामर केली. तो पुढें फिलिपाच्याच आश्रयाला होता.

आधुनिक इतिहासकार म्हणतात कीं, हा प्रसंग बराचसा ठरलेल्या नाटकासारखा असावा. राजानें कठोर दिसलेंच पाहिजे. दिलेला शब्द तो मागें घेऊं शकत नाहीं. राणीचा हट्ट मात्र त्याला पुरवितां येतो, आणि त्यांत त्याचा मान जात नाहीं. आम्हांस हें वाचून मुळींच नवल वाटलें नाहीं. ज्या घरांत पंधरा माणसें एका चुलीवर जेवतात, त्या घरांत कर्त्या पुरुषाचा राग हा जसा एक ठरलेला प्रकार असतो, तसा तो उतरविणें हाहि असतो. ‘आतां पुरे, पोर उपाशी बसला आहे,’ हे शब्द माजघरांतून येईपर्यंत ओसरीवरील न्यायाधीशालाहि आपली शिक्षा कशी मागें घ्यावी हें सुचत नसतें! हें काम फुकट नव्हे. त्यानें घरें टिकलीं आहेत. पण त्याची नोंद कोठें राहत नाहीं, कारण श्रेय नेहमीं क्षमा करणाऱ्याकडे जातें. कॅलेच्या त्या सहा नागरिकांचें रोदँनें घडविलेलें ब्राँझचें शिल्प १८९५ सालीं त्या शहरांत उभारलें गेलें. जगांत त्याच्या प्रतिकृति आहेत. त्यांत सहा पुरुष आहेत. राणी त्यांत नाहीं.

पुरुषाच्या वतीनें केलेलें धाडस खपतें, स्वतःच्या हक्कानें केलेलें खपत नाहीं, याचा दाखला ११४१ सालीं एकाच वर्षांत मिळतो. पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा हिनें बापाच्या गादीवर हक्क सांगितला. तिचा आतेभाऊ स्टीफन गादी बळकावून बसला होता. तिनें त्याला कैद केलें व लंडनपर्यंत मजल मारली. तेव्हां स्टीफनच्या राणीनें, तीहि मटिल्डाच, फौज जमवून वेढा घातला, व शत्रूचा सेनापति पकडून त्याच्या मोबदल्यांत नवरा सोडवून आणला. दोघीही एकाच तडफेच्या. परंतु स्टीफनच्या पक्षाचा बखरकार नवऱ्यासाठीं लढणारीचें पुरुषासारखें धैर्य वाखाणतो, आणि स्वतःच्या हक्कासाठीं उभ्या राहिलेलीला उद्धट व स्त्रीत्व सोडलेली ठरवितो. त्या हक्कदार मटिल्डेला मुकुट मिळाला नाहीं. तिच्या मुलाला मिळाला. तिच्या थडग्यावरील लेखांत तिची ओळख एका हेन्रीची मुलगी, दुसऱ्या हेन्रीची पत्नी व तिसऱ्या हेन्रीची आई, अशी करून दिली होती. तिघांच्या मधोमध ती कोठें होती, हें त्या दगडास विचारून उपयोग नाहीं.

बदनामीची कथा याहून विचित्र. आक्विटेनची एलिनॉर ही तिच्या काळांतील सर्वांत मोठ्या मुलुखाची वारस. पंधरा वर्षें ती फ्रान्सच्या राजाची राणी होती. ११५२ सालीं तो विवाह रद्द झाला, व दोन महिन्यांच्या आंत तिनें पुढें इंग्लंडचा राजा झालेल्या दुसऱ्या हेन्रीशीं लग्न केलें. त्याच्यापासून तिला पांच मुलगे व तीन मुली झाल्या. ११७३ सालीं मुलांनीं बापाविरुद्ध बंड केलें, तिनें मुलांची बाजू घेतली, आणि नवऱ्यानें तिला बंदींत टाकलें, तें ११८९ सालीं त्याच्या मरणापर्यंत. लोकांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या निराळीच कथा चालली: राजाची लाडकी रोझामंड हिला एलिनॉरनें चक्रव्यूहांत गांठून विषाचा पेला दिला. रोझामंड वारली ११७६ च्या सुमारास. त्या वेळीं एलिनॉर पहाऱ्यांत होती. पण कथेला तारखांची पर्वा नसते. सवतीमत्सराची गोष्ट लोकांना जितकी आवडते तितकी राज्यकारभाराची आवडत नाहीं.

वास्तविक राज्यकारभाराची गोष्ट पुष्कळ मोठी आहे. बंदींतून सुटली तेव्हां तिनें साठी ओलांडली होती. मुलगा रिचर्ड धर्मयुद्धावर असतां तिनें राज्य सांवरलें. तो परत येतांना जर्मनींत कैद झाला, तेव्हां दीड लक्ष मार्कांपर्यंत चढलेली खंडणी उभी करण्याचा खटाटोप केला, व ११९४ सालीं स्वतः जर्मनींत जाऊन त्याला सोडवून आणलें. १२०० सालीं पंचाहत्तरी उलटलेली ही बाई ऐन हिंवाळ्यांत पिरेनीज पर्वत ओलांडून कॅस्टीलला गेली आणि आपली नात ब्लांश हिला फ्रान्सच्या युवराजासाठीं घेऊन आली. १२०४ सालीं ती वारली, तेव्हां दहा मुलांपैकीं दोनच हयात होतीं. फोंतव्रो येथें तिची पाषाणमूर्ति आहे. शेजारीं नवरा व मुलगा डोळे मिटून पडले आहेत; तिच्या हातांत मात्र उघडें पुस्तक आहे.

ज्यांना दूषणें दिलीं त्यांना तीं तरी स्वतंत्र द्यावीं! दुसऱ्या एडवर्डची राणी इझाबेला हिनें १३२६ सालीं नवऱ्याविरुद्ध सैन्य आणून त्याला पदच्युत केलें. तिला ‘फ्रान्सची लांडगी’ म्हणतात. पण हें विशेषण तिच्यासाठीं घडविलेलें नव्हेच. शेक्सपिअरनें तें सहाव्या हेन्रीच्या राणीला, अंजूच्या मार्गारेटला, लावलें होतें. १७५७ सालीं ग्रे कवीनें तेंच उचलून इझाबेलेला चिकटविलें. एकीचें लुगडें दुसरीला नेसवावें तशी ही शिवी एकीवरून दुसरीवर आली. चौथ्या हेन्रीची विधवा जोन हिची तऱ्हा आणखी उघड. १४१९ सालीं तिच्यावर चेटूक करून सावत्र मुलगा पांचवा हेन्री राजा याचा जीव घेऊं पाहिल्याचा आरोप झाला. खटला कधीं चालला नाहीं. ती तीन वर्षें नजरकैदेंत राहिली, व तिचें दहा हजार मार्कांचें वार्षिक उत्पन्न राजाच्या खजिन्यांत जमा झालें. राजा फ्रान्सशीं लढत होता व त्याला पैसा हवा होता. १४२२ सालीं मरणशय्येवरून त्यानें तिला सोडण्याचा व तिचें उत्पन्न परत देण्याचा हुकूम दिला. चेटकाचा उल्लेख नंतर कोणी केला नाहीं. विधवेच्या नांवावरील उत्पन्न आणि तिच्या वर्तनाविषयीं अचानक उठणारी कुजबुज यांचा संबंध आमच्या वाचकांस आम्हीं उकलून सांगावा असें नाहीं.

स्तुतीचें तरी खरें असतें काय? पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर ही कॅस्टीलची. नवऱ्यास विषारी खंजिराची जखम झाली तेव्हां हिनें तोंडानें विष ओढून काढलें, अशी पतिभक्तीची कथा तिच्याविषयीं सांगतात. ती कथा मागाहूनची आहे. हयातींत मात्र लोक तिच्यावर रुष्ट होते, कारण ती जमिनी विकत घेण्यांत फार दक्ष होती व कर्जांत बुडालेल्यांच्या इस्टेटी तिच्या हातीं येत. आर्चबिशपनें तिला याबद्दल कानपिचक्याहि दिल्या होत्या. आणि मरतांना तिच्याच इच्छेवरून तिच्या कारभाऱ्यांनीं केलेल्या अन्यायांची चौकशी पुढें झाली. १२९० सालीं ती हार्बी येथें वारली. राजानें तिचा देह लंडनला आणला, व वाटेंत रात्रीं जेथें जेथें मुक्काम पडला तेथें तेथें एक एक शिलास्तंभ उभारविला. बारांपैकीं तीन आज उभे आहेत. आम्हांस विचाराल तर विष ओढणाऱ्या देवीपेक्षां मरतांना आपल्या हिशेबाची झडती घ्या असें सांगणारी ही व्यवहारी बाई अधिक वंद्य वाटते.

आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर चार माणसें जमतात, तेव्हां वाचलेलें सांगण्याची आम्हांस संवय आहे. एके रात्रीं आम्हीं व्हॅल्वाच्या इझाबेलेची गोष्ट सांगितली. फ्रान्सच्या राजाची ही मुलगी १३९६ सालीं दुसऱ्या रिचर्डला दिली, तेव्हां तिला सातवें वर्ष पुरें व्हावयाचें होतें. नवरा तिशींत, पहिली राणी ॲन वारल्यामुळें बिजवर. तो तिच्याशीं मुलीसारखा वागे. १३९९ सालीं त्याची गादी गेली, दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं तो कैदेंत मेला, आणि दहा वर्षांची राणी विधवा झाली. नव्या राजानें तिला आपल्या मुलासाठीं मागितलें. ती काळ्या वेषांत राहिली, कबूल झाली नाहीं. १४०१ सालीं तिला माहेरीं परत पाठविलें.

आमच्या आत्याबाई नव्वदीच्या आहेत. त्या वाती वळीत बसल्या होत्या. एवढें ऐकून त्यांनीं वाती खालीं ठेविल्या व विचारलें, “मग त्या पोरीचें पुढें काय झालें रे?” आम्हीं सांगितलें कीं, १४०६ सालीं ओर्लेआंच्या राजपुत्राशीं तिचें दुसरें लग्न झालें, व १४०९ सालीं पहिल्या बाळंतपणांत वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं ती गेली. आत्याबाई म्हणाल्या, “सासरीं तिला घरांत काय म्हणत असतील?” या प्रश्नास पुस्तकांत उत्तर नव्हतें. थोड्या वेळानें त्या आपल्याशींच बोलल्या, “तुझ्या आजीचें माहेरचें नांव तिनें मला एकदांच सांगितलें होतें. तीहि नऊ वर्षांची असतांना या घरांत आली.”

हें ऐकून सारे स्तब्ध झाले, त्याला कारण होतें. आमच्या कुळाची वंशावळ नव्यानें छापावयाची आहे. जुन्या प्रतींत पुरुषांचीं नांवें नऊ पिढ्यांपर्यंत आहेत. बायकांचीं सासरचीं नांवें तीन पिढ्यांपर्यंत, माहेरचीं जवळ जवळ नाहींत. आणि मुलींच्या रकान्यांत ‘कन्या दोन,’ ‘कन्या एक,’ असे आंकडे. सुनांचीं माहेरचीं नांवें व गांवें, आणि लेकींचीं नांवें घालावींत कीं नाहीं, यावर भाऊबंदांत दोन महिने पत्रापत्री चालली होती. ‘पानें वाढतील,’ ‘वंश पुरुषावरून चालतो,’ ‘आतां कोणाला आठवतें आहे?’ असे आक्षेप होते. पहिले दोन विचार करण्यासारखे असतील. पण तिसरा आक्षेप नसून तगादा आहे. आठवणारें माणूस घरांत बसलें आहे तोंवर विचारून घेतलें पाहिजे. त्या रात्रीं आत्याबाईंनीं सतरा नांवें सांगितलीं, व घरांतल्या नातसुनेनें तीं लिहून घेतलीं. आजीचें नांव आम्ही येथें देत नाहीं; तें वंशावळींत जेथें असावयास हवें तेथें येईल. खर्च वाढला तर तो आमचा.

कोणी म्हणेल, नांव लिहून काय साधलें? राण्यांचीं नांवें तर इतिहासांत आहेतच. त्यांनीं काय मिळविलें? हा प्रश्न रास्त आहे. नुसतें नांव व देह राहणें म्हणजे स्मृति नव्हे. इझाबेलेची धाकटी बहीण कॅथेराइन हिला त्याच फ्रेंच घराण्यानें १४२० सालीं पांचव्या हेन्रीला दिलें. दोन वर्षांनीं तीहि विधवा झाली. पुढें ओवेन ट्यूडर नांवाच्या वेल्श गृहस्थाशीं तिनें संसार थाटला, व त्यांतूनच पुढें ट्यूडर राजवंश निघाला. १४३७ सालीं ती वारली. काहीं काळानें वेस्टमिन्स्टर ॲबींतील बांधकामाच्या वेळीं तिची शवपेटी उकरली गेली, आणि तिचा सुकलेला देह शतकानुशतकें उघडा राहून पैसे देणाऱ्या पाहुण्यांस दाखविला जाऊं लागला. १६६९ सालीं पीप्स या गृहस्थानें आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशीं त्या देहाचें चुंबन घेतलें व ‘आज एका राणीचें चुंबन घेतलें’ म्हणून रोजनिशींत नोंद केली. १८७८ सालीं कोठें तिला नवऱ्याशेजारीं कायमची जागा मिळाली. नांव माहीत होतें, देह समोर होता. नव्हती ती फक्त कोणाची तरी आई, कोणाची तरी लेक म्हणून पाहणारी दृष्टि.

स्मृति टिकते ती चालत राहणाऱ्या कामांत. ऑक्सफर्डला १३४१ सालीं फिलिपाच्या धर्मगुरूनें विद्यालय काढून राणीचें नांव दिलें. तेथें राणी हा शब्द एकवचनी आहे. केंब्रिजला असेंच एक विद्यालय आहे, पण त्याच्या इंग्रजी नांवांत राणी बहुवचनी आहे, आणि तें लिहितांना षष्ठीचें चिन्ह चुकीच्या जागीं पडलें तर तेथील लोक रागावतात म्हणे. त्यामागची हकीकत अशी. १४४८ सालीं अंजूच्या मार्गारेटनें, त्याच ‘लांडगीनें,’ वयाच्या अठराव्या वर्षीं हें विद्यालय आपल्या आश्रयाखालीं घेतलें. पुढें दोन घराण्यांत यादवी माजली. शत्रुपक्षाच्या चौथ्या एडवर्डनें गादी घेतली. १४७१ सालीं मार्गारेटचा एकुलता एक मुलगा ट्यूक्सबरीच्या रणांत पडला, त्याच महिन्यांत नवरा लंडनच्या किल्ल्यांत मारला गेला, व ती स्वतः कैदेंतून सुटून फ्रान्सांत दारिद्र्यांत १४८२ सालीं मेली.

चौथ्या एडवर्डची राणी एलिझाबेथ वुडव्हिल, आरंभीं सांगितलेली ती इंग्रज विधवा. तिचा पहिला नवरा मार्गारेटच्याच बाजूनें लढतां लढतां १४६१ सालीं पडला होता. १४६५ सालीं केंब्रिजचें तें अर्धवट विद्यालय तिच्यापुढें आलें. शत्रूच्या राणीचें काम म्हणून तें मोडूं देणें सोपें होतें. तिनें तें आपलें म्हणून स्वीकारलें, आणि वारसाहक्कानें आपण त्याची संस्थापिका आहों असें म्हणवून घेतलें. गादीचा वारसा पुरुषांनीं रक्तानें ठरविला. हा वारसा एका राणीकडून दुसरीकडे रक्तावांचून आला. पुढें एलिझाबेथवरहि तेंच संकट कोसळलें: नवरा गेला, १४८३ सालीं दोन कोंवळे मुलगे लंडनच्या किल्ल्यांत नाहींसे झाले, आणि १४९२ सालीं मृत्युपत्र करतांना आपल्या मुलीला, जी त्या वेळीं इंग्लंडची राणी होती तिला, देण्यासारखी चीजवस्तु आपल्याजवळ नाहीं, असें तिला लिहावें लागलें.

तें विद्यालय आज चालू आहे. दोघींचे नवरे व मुलगे ज्या गादीसाठीं मेले ती कोठल्या कोठें गेली. मुलें मात्र तेथें शिकत आहेत. त्याच्या ढालीवरील चिन्हें मार्गारेटच्या माहेरचीं आहेत. एलिझाबेथच्या काळापासून आजवर तीं पुसून टाकणें कोणालाहि सहज शक्य होतें. कोणीं पुसलीं नाहींत. परघरीं आलेल्या बाईचें माहेर सासरच्या दारावर राहूं दिल्यानें घराचें कांहीं उणें होत नाहीं, एवढें तरी त्या ढालीकडे पाहून कळण्यास हरकत नसावी.